आजीचे हिऱ्याचे दागिने मोडायच्या आधी खरी किंमत कशी काढून घ्यायची

“सहा ग्रॅम नऊशे मिली. खड्यांचे दीड ग्रॅम वजा. सोनं अठरा धरतो. हिरे जुने आहेत ताई, त्यांना आता काही किंमत नाही.”

आजीच्या कुड्या सराफाने काट्यावर ठेवल्यापासून त्याचं हे बोलणं पूर्ण होईपर्यंत दोन मिनिटंसुद्धा झाली नसतील. सात-सात खड्यांच्या कुड्या, आजीच्या लग्नातल्या, तिच्या पश्चात आई, मावशी आणि मामा अशा तिघांत वाटायच्या होत्या आणि तीन वाटण्या करता येत नाहीत म्हणून विकायचं ठरलं होतं. मी तेव्हा हो-नाही काही न बोलता कुड्या पर्समध्ये टाकून निघून आले, आणि बरं झालं निघून आले, कारण पुढच्या दोन महिन्यांत जे कळत गेलं त्याने त्या बोलण्यातलं ढोबळ वजन सोडलं तर बाकी तिन्ही विधानं, म्हणजे वजावट, कस आणि हिऱ्यांची किंमत, चुकीची ठरली. हे सगळं कुठल्या क्रमाने करायचं ते सविस्तर लिहितेय, कारण प्रत्येक घरात कधी ना कधी ही वेळ येते आणि नेमकी तेव्हा येते जेव्हा डोकं ठिकाणावर नसतं.

सगळ्यात आधी एक गोष्ट पक्की करा. जो विकत घेणार आहे त्याच्याकडून किंमत काढून घ्यायची नाही. तो माणूस वाईट असतो असं नाही, पण त्याचा फायदा कमी किंमत सांगण्यात आहे आणि तुमचा जास्त किमतीत, आणि काटा, भिंग, ज्ञान सगळं त्याच्या बाजूला आहे. किंमत सांगणारा वेगळा, घेणारा वेगळा. पुढचं सगळं यावरच उभं आहे.

घरातलं काम आधी

दागिना कुणाचा आहे हे कागदावर आणा. आजीने मृत्युपत्र केलेलं असेल तर प्रश्न नाही. नसेल तर हिंदू स्त्रीच्या दागिन्यांवर तिच्या मुलग्यांचा, मुलींचा आणि हयात असलेल्या नवऱ्याचा सारखा हक्क असतो, आणि आधी वारलेल्या मुलाची किंवा मुलीची मुलंसुद्धा त्यात येतात. आमच्याकडे तिघांनी एका साध्या कागदावर सही करून मला व्हॅल्युएशन, म्हणजे तज्ज्ञाकडून किंमत ठरवून घ्यायला सांगितलं, दागिन्यांची यादी आणि फोटोसकट. नंतर “तुझ्याकडे होते तेव्हा खडे बदलले” असं कुणी म्हणायची वेळ येऊ नये म्हणून हे करायचं, आपली माणसं कितीही चांगली असली तरी.

मग जुनी बिलं शोधा. पेटीच्या तळाला, पोथीत, बँकेच्या पासबुकात, कुठेही सापडतात. आजीच्या काळातलं बिल तोळा-मासा-गुंजेत असतं: ८ गुंजांचा मासा, १२ माशांचा तोळा, आणि तो जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज दुकानात बोलतात तसा १० ग्रॅमचा नाही. हिऱ्याचं वजन रत्तीत लिहिलेलं असू शकतं, ते कॅरेट समजून वाचू नका, रत्ती कॅरेटपेक्षा हलकी असते. बिल सापडलं नाही तर जुन्या लग्नातले फोटो काढा, त्यावरून निदान दागिना किती जुना ते सांगता येतं. आणि घरातल्या सगळ्यात वयस्कर बाईला विचारा. मावशीला विचारलं तेव्हा ती सहज म्हणाली, अगं माझ्या लग्नात आईच्या डाव्या कुडीतला एक खडा पडला होता, नंतर सोनाराने बसवून दिला. हे पुढे फार कामाला आलं.

धुवायची घाई करू नका. मागून उघडं कोंदण असेल, म्हणजे दागिना उलटा केला की खड्याच्या पाठीतून उजेड दिसत असेल, तर कोमट पाण्यात सौम्य साबण आणि मऊ ब्रश चालतो. बंद कोंदण असेल तर पाणी अजिबात लावायचं नाही, कारण जुन्या कामात खड्याखाली चमकेसाठी वर्ख ठेवलेला असतो आणि पाणी शिरलं की तो काळा पडतो, खडा कायमचा मरतो. मोती असतील तर साबण नाही, पाण्यात भिजवणं नाही. आणि मोत्यांकडे दुर्लक्ष करू नका हं. जुन्या नथीतले, कुड्यांतले मोती खरे बसरा, म्हणजे नैसर्गिक, निघाले तर कधी कधी बाजूच्या हिऱ्यांपेक्षा मोलाचे असतात. ते डोळ्यांनी ठरत नाही, लॅबमध्ये एक्स-रेवर ठरतं.

भिंग लावून स्वतः बघा

१०एक्स, म्हणजे दहापट मोठं दाखवणारं, भिंग ऑनलाइन काही शे रुपयांत मिळतं, घ्याच. डोळ्याला अगदी चिकटवून धरायचं आणि दागिना जवळ आणायचा, उलट नाही. तुम्हाला हिरा पारखता यावा म्हणून हे नाही, पुढे जो कोणी बोलेल तो काय बोलतोय हे कळावं म्हणून.

जुना हिरा आजच्यासारखा दिसत नाही. वरचा सपाट भाग लहान, अंगाने उंच, कडा थोडी चौकोनी-गोल, आणि वरून सरळ बघितलं तर अगदी मधोमध एक छोटंसं गोल छिद्र असल्यासारखं दिसतं. ते छिद्र नसतं, तळाचं टोक तेव्हा सपाट कापायचे त्याची खूण असते. याला ओल्ड माइन कट किंवा ओल्ड युरोपियन कट म्हणतात. तळ सपाट आणि वर घुमटासारखे त्रिकोणी पैलू असतील तर तो रोझ कट. आणि पैलू जवळपास नाहीतच, काचेच्या चपट्या तुकड्यासारखा आहे, कुंदनमध्ये बसवलाय, तर तो पोलकी. तिघांचा बाजार वेगवेगळा आहे.

आजीच्या कुड्यांत मी एकेक खडा बघत गेले. तेरा खड्यांच्या पैलूंच्या कडा अशा धारदार की जणू काल कापलेत. डाव्या कुडीतल्या एका खड्याच्या कडा मात्र गोलसर, झिजलेल्या, साबणाच्या वडीसारख्या. हिरा साठ वर्षं कानात घातला तरी पैलूंच्या कडा अशा झिजत नाहीत, ‘अमेरिकन डायमंड’ म्हणतात तो झिजतो. मावशी म्हणाली होती तोच खडा. हे मला आधीच माहीत होतं म्हणून पुढे कुणी त्या एका खड्यावरून चौदाच्या चौदा खोटे ठरवायचा प्रयत्न केला तर उत्तर तयार होतं, आणि एकाने केलाच.

घरगुती परीक्षांवर मात्र निर्णय घेऊ नका. वाफ मारून बघणं, पाण्यात टाकणं, वर्तमानपत्रावर ठेवणं, काचेवर ओरखडा काढणं, यातल्या कशानेच हिरा सिद्ध होत नाही आणि ओरखड्याने खडा टवका उडून खराब होऊ शकतो.

सोन्याचा हिशेब वेगळा काढा

हिऱ्याच्या दागिन्यात सोनं सहसा १८ किंवा १४ कॅरेट असतं असं धरून चालतात, पण ते आजच्या दागिन्यांचं. जुन्या महाराष्ट्रीय कामात २०, २२ कॅरेटही असतं. भारतात सोन्याचं हॉलमार्किंग २००० साली सुरू झालं, त्यामुळे आजीच्या दागिन्यावर शिक्का नसणं यात संशयास्पद काही नाही. शिक्का नाही म्हणून भाव पाडू देऊ नका, फक्त कस तपासून घ्या.

त्यासाठी बीआयएसची (भारतीय मानक ब्युरोची) मान्यता असलेली हॉलमार्किंग सेंटर असतात, तिथे कुणीही ग्राहक स्वतःचा दागिना घेऊन जाऊ शकतो आणि फी फार नसते. रिपोर्ट लेखी मिळतो. मशिनवर तपासणी होणार असेल तर तीन-चार जागी करायला सांगा आणि डाख दिलेली जागा टाळायला सांगा, कारण मशिन वरवरचा थर वाचतं आणि डाखातलं सोनं कमी कसाचं असतं. आमच्या कुड्यांचा कस ८४० आला, म्हणजे हजारात ८४० भाग सोनं, २० कॅरेटच्या जरा वर. अठरा धरतो म्हणणाऱ्याचं पहिलं विधान इथे गेलं.

दुसरं विधान साध्या गणिताने जातं आणि हे गणित प्रत्येकाने पाठ करा. हिऱ्याचं कॅरेट हे वजन आहे, सोन्याच्या कॅरेटसारखी शुद्धता नाही: १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम. व्हॅल्युअरने नंतर चौदा खड्यांचं मिळून वजन मापांवरून १.९५ कॅरेटच्या आसपास काढलं, म्हणजे ०.३९ ग्रॅम. आणि त्या सराफाने वजा केले होते दीड ग्रॅम! दोन कुड्यांत एक ग्रॅमच्या वर सोनं असंच गेलं असतं. वजा किती केलं आणि कशावरून केलं हे प्रत्येक वेळी विचारा. पोलकी-कुंदनच्या दागिन्यात आत लाख भरलेली असते तिथे वजावट खरीच जास्त येते, पण तिथेही कारण सांगता आलं पाहिजे.

आणि अजून एक. सोन्याचा भाव देऊन दुकानदार जेव्हा “खड्यांना किंमत नाही” म्हणतो तेव्हा त्याला शांतपणे म्हणायचं, मग खडे काढून परत द्या. किंमत नसेल तर द्यायला हरकत नसते. त्या वाक्यानंतर समोरच्याचा चेहरा बघा.

खरा आहे का, आणि खाणीतला आहे का

हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुकानात पेनासारखा टेस्टर लावतात आणि तो पीप वाजला की हिरा म्हणतात. तो टेस्टर उष्णता किती पटकन वाहते ते बघतो. काच, अमेरिकन डायमंड त्यावर पकडले जातात, पण मोइसनाइट नावाचा खडा साध्या टेस्टरवर हिरा म्हणूनच पास होतो, आणि लॅबमध्ये बनवलेला सीव्हीडी किंवा एचपीएचटी पद्धतीचा हिरा तर पास होणारच, कारण तो रासायनिकदृष्ट्या हिराच आहे. त्याला ओळखायला लॅबच लागते.

इथे दागिन्याचं वय कामाला येतं. मोइसनाइट दागिन्यांत आला तो १९९०च्या दशकाच्या शेवटी, अमेरिकन डायमंड १९७०च्या दशकाच्या मध्यानंतर, आणि लॅबचा हिरा दागिन्यांच्या दुकानात सर्रास दिसायला लागला तो गेल्या दहा-बारा वर्षांत. म्हणजे १९५०च्या दशकातल्या आणि कधीच दुरुस्तीला न गेलेल्या दागिन्यात लॅबचा हिरा असूच शकत नाही. तेव्हाची नक्कल म्हणजे काच, पांढरा पुष्कराज किंवा नीलम, झिरकॉन वगैरे. पण दागिना मध्ये कधी मोडून नवा केला असेल, खडा बदलला असेल, तर हे अनुमान चालत नाही. म्हणूनच मावशीला विचारायचं.

व्हॅल्युअर कसा निवडायचा

लोक ‘गव्हर्नमेंट अप्रूव्हड व्हॅल्युअर’ म्हणतात तो म्हणजे आयकर खात्याकडे दागिन्यांसाठी नोंदणी असलेला व्हॅल्युअर. नोंदणी क्रमांक विचारा. घर-जमिनीचा व्हॅल्युअर वेगळा असतो, त्याच्याकडे दागिने घेऊन जाऊ नका. शक्यतो ज्याने रत्नशास्त्राचा कोर्स केलाय, जीआयए किंवा जीआयआयचा वगैरे, असा बघा, कारण काही व्हॅल्युअर सोन्यात पक्के असतात आणि हिऱ्यात अंदाजे बोलतात. मुंबईकडे झवेरी बाजारात आणि ऑपेरा हाऊस परिसरात असे लोक मिळतात. लहान शहरात असाल तर एक दिवस मुंबईला जायचा खर्च करा, मला तरी तो वसूल झाला.

फोनवरच तीन प्रश्न विचारा. तुम्ही स्वतः जुने दागिने विकत घेता का? घेत असेल तर दुसरा बघा. माझ्यासमोर तपासाल का? नाही म्हणाला तर दुसरा बघा. फी कशी घेता? काही जण किमतीच्या टक्क्यांत घेतात, मी नगावर ठरवून घेतली, कारण आकडा फुगला तर त्याची फी वाढते ही गोष्ट मनाला पटत नाही.

आणि त्याला कशासाठी किंमत हवीय ते स्पष्ट सांगा. हा मुद्दा लोक हमखास विसरतात. विम्यासाठी किंमत काढली तर ती तसाच दागिना आज दुकानातून नवा घ्यायला किती लागतील ती असते, त्यात घडणावळ, दुकानाचा नफा, जीएसटी सगळं येतं, आकडा मोठा दिसतो. विक्रीसाठीची किंमत म्हणजे बाजारात आज रोख हातात काय येईल ती, आणि ती त्याच्यापेक्षा बरीच कमी असते. विम्याचा कागद घेऊन विकायला गेलात तर प्रत्येक जण तुम्हाला लुबाडतोय असं वाटेल आणि विनाकारण मनस्ताप होईल. मामाकडे आजीच्या अंगठीचा असाच एक जुना विम्याचा कागद होता, त्यावरच्या आकड्यावर तो अडून बसला होता, त्याला समजावण्यात आमचा एक रविवार गेला.

आमच्या व्हॅल्युअरने दीड तास घेतला. प्रत्येक खड्याचा व्यास आणि उंची गेजने मोजली, आणि वजनाचं सूत्र मला कागदावर लिहून दाखवलं: गोल हिऱ्यासाठी व्यास गुणिले व्यास गुणिले उंची, मिलिमीटरमध्ये, गुणिले ०.००६१. समजा ५.२ मिमी व्यास आणि ३.१ मिमी उंची, तर साधारण ०.५१ कॅरेट. हे खडा न काढता करता येतं. जुने हिरे उंच असल्यामुळे नुसत्या व्यासाच्या तक्त्यावरून वजन काढलं तर ते कमी येतं, हे मुद्दाम लक्षात ठेवा आणि “उंची मोजली का?” असं विचाराच.

रिपोर्टमध्ये हे असायला हवं: फोटो, ढोबळ वजन, निव्वळ सोनं आणि कस, खड्यांची संख्या, प्रत्येक मोठ्या खड्याचं माप, वजन मोजलेलं की अंदाजे, कट, रंग आणि क्लॅरिटी (हिरा आतून किती स्वच्छ आहे) यांचा पट्टा, काही ट्रीटमेंट दिसते का, कुठल्या तारखेचा आणि कुठल्या हेतूचा भाव, सही-शिक्का. सोनं, हिरे आणि कारागिरी यांचे आकडे वेगवेगळे मागा. सगळं मिळून एकच आकडा लिहिलेला कागद काही कामाचा नाही, त्यावर वाटाघाटी करता येत नाहीत.

सर्टिफिकेट काढायचं का?

लॅबचं सर्टिफिकेट आणि व्हॅल्युएशन या दोन गोष्टी आहेत. जीआयएच्या रिपोर्टवर किंमत नसतेच. तो फक्त वजन, रंग (डीपासून झेडपर्यंत), क्लॅरिटी (फ्लॉलेसपासून आय३ पर्यंत), कट आणि हिरा नैसर्गिक आहे की नाही हे सांगतो. शिवाय जीआयए ग्रेडिंग करते ते सुट्या हिऱ्याचं, म्हणजे खडा कोंदणातून काढावा लागतो. आयजीआयसारख्या लॅब दागिन्यात बसवलेल्या हिऱ्यांचाही रिपोर्ट देतात, पण बसवलेल्या खड्याचा रंग-क्लॅरिटी नेहमी अंदाजाच्या पट्ट्यातच येतो. या लॅब मुंबईत आहेत.

माझं मत असं की एक मोठा खडा असेल, अर्ध्या कॅरेटच्या पुढचा, तर सर्टिफिकेट काढा, कारण तिथे एका ग्रेडने भावात मोठा फरक पडतो. हिऱ्याचा भाव वजनाच्या सरळ प्रमाणात वाढत नाही, एक कॅरेटचा एक खडा अर्ध्या कॅरेटच्या तशाच दोन खड्यांपेक्षा बराच महाग असतो. पंधरा-वीस सेंटचे (१०० सेंट म्हणजे १ कॅरेट) बारीक खडे असतील तर प्रत्येकाचं सर्टिफिकेट काढण्यात पैसे घालवू नका, सगळ्या दागिन्याचा एक रिपोर्ट पुरे. आणि जुनं कोंदण सुंदर असेल तर खडे काढायच्या आधी दहा वेळा विचार करा, जुन्या चिमट्या उघडताना तुटतात आणि मग तो दागिना राहत नाही, मोड होते. काढायचाच झाला तर तुमच्या डोळ्यासमोर.

“जुना कट आहे, पुन्हा कापावा लागेल, वजन घटेल” हे तुम्हाला ऐकवलं जाणारच. पुन्हा कापला तर वजन घटतं हे खरं आहे. पण ओल्ड कट आहे तसाच हवा असणारे गिऱ्हाईक आणि डीलर आता आहेत, अँटिक दागिन्यांचं काम करणाऱ्यांकडे त्याला मागणी आहे. तेव्हा निदान एक कोटेशन अशा माणसाकडून घ्या.

टॅक्ससाठी दुसरी किंमत

वारसाने दागिना मिळाला तेव्हा टॅक्स नाही, पण विकल्यावर भांडवली नफा मोजावा लागतो. आजीने १ एप्रिल २००१च्या आधी घेतलेला असेल तर खरेदी किंमत म्हणून त्या तारखेची बाजारभाव किंमत धरता येते. म्हणून त्याच व्हॅल्युअरला त्याच बैठकीत १ एप्रिल २००१ची किंमतही लेखी काढून द्यायला सांगा. विकल्यावर दागिना तुमच्याकडे नसतो, तेव्हा हे करता येत नाही. आजीची मालकीची वर्षंही तुमच्यात धरली जातात, त्यामुळे नफा दीर्घकालीन ठरतो, आणि २३ जुलै २०२४ पासूनच्या विक्रीवर दर १२.५ टक्के आहे, इंडेक्सेशन नाही. तुमच्या हिशेबासाठी सीएला विचारा, पण कागद हातात घेऊन जा.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक सूचना, कारण माझी मामेबहीण या कुड्या तिकडे नेऊन विकू म्हणत होती. शंभर वर्षांहून जुना दागिना १९७२च्या कायद्याप्रमाणे पुरावस्तू ठरू शकतो आणि तो असा उचलून देशाबाहेर नेता येत नाही. पणजीचा दागिना असेल तर हे आधी तपासा.

मग विकायला जा

रिपोर्ट हातात आल्यावर तीन ठिकाणी जा, जमलं तर एकाच दिवशी, कारण सोन्याचा भाव रोज हलतो. एक मूळ सराफ, बिल सापडलं असेल आणि दुकान चालू असेल तर. एक अँटिकवाला. एक हिऱ्याचा डीलर. रिपोर्ट लगेच पुढे करू नका, आधी त्याला बोलू द्या, त्याचे आकडे लिहून घ्या: ढोबळ वजन, वजावट, कस, हिऱ्यांचे कॅरेट, कॅरेटमागे भाव. मग विचारा की हे माझ्या रिपोर्टपेक्षा वेगळं का आहे. चांगला माणूस कारण सांगतो. हिऱ्यांचे भाव २०२२ नंतर उतरलेत हे कारण खरं आहे, ते मान्य करा, पण “किंमतच नाही” हे कारण नव्हे.

दागिना “दाखवून आणतो” म्हणून आत किंवा बाहेर नेऊ देऊ नका. ठेवावाच लागला तर वजन, खड्यांची संख्या आणि फोटो असलेली सही-शिक्क्याची पावती घ्या, आणि परत घेताना खडे मोजा. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोख घेणं कायद्याने चालत नाही, आणि त्याहून कमी असली तरी बँकेतूनच घ्या.

आमच्या कुड्या अँटिकवाल्याकडे गेल्या, न मोडता, त्या एका नकली खड्याची किंमत सोडून. त्याने सोन्याचं वजन ६.५१ ग्रॅम धरलं, कस ८४० धरला, तेरा हिऱ्यांचे वेगळे पैसे लावले, आणि पावतीवर हे सगळं वेगवेगळ्या ओळींत लिहिलं. पैसे तिघांच्या खात्यात तीन ट्रान्सफरनी आले. पावती, व्हॅल्युएशनचे दोन्ही रिपोर्ट, कसाचा रिपोर्ट आणि फोटो असं सगळं आईच्या फाईलमध्ये लावलंय, एकेक झेरॉक्स मावशीकडे आणि मामाकडे दिलीय, कारण रिटर्न तिघांनाही भरायचंय.